तुर्कस्तान पश्चिमेपासून लांब चाललाय, हे किती वर्षं ऐकायचं?

कॉलेजात होते तेव्हापासून, म्हणजे वीस वर्षं तर सहज झाली, मी दर वर्ष-दोन वर्षांनी एक ठरलेला लेख वाचत आलेय. लिहिणारा वेगळा असतो, पेपर वेगळा असतो, पण मुद्दा तोच, की तुर्कस्तान आता पश्चिमेचा हात सोडून चालला. २००३ ला अमेरिकेच्या फौजेला इराकमधे जायला वाट दिली नाही तेव्हा हेच वाचलं. २०१० ला सुरक्षा परिषदेत इराणवरच्या निर्बंधांच्या विरोधात मत दिलं तेव्हाही हेच, आणि २०१९ ला रशियाकडून क्षेपणास्त्रं घेतली तेव्हा तर आता विषयच संपला असं लोकांनी लिहिलं होतं. मग काही महिने जातात, तुर्कस्तान आपला नाटोच्या बैठकीत हजर असतो, युरोपशी व्यापार जिथल्या तिथे चालू असतो, आणि पुढचं भांडण झालं की परत तोच लेख.

मलाही बरीच वर्षं ते पटायचं. आधुनिक तुर्कस्तानचे संस्थापक केमाल अतातुर्क यांनी देशाचं तोंड पश्चिमेकडे केलं होतं, आत्ताचे राष्ट्राध्यक्ष एर्दोगान आले आणि त्यांनी ते पूर्वेकडे फिरवलं, अशी एक सोपी गोष्ट डोक्यात पक्की बसली होती. पण जसजशी मागे मागे वाचत गेले तसं वाटायला लागलं की ही गोष्ट बरोबर नाही. भांडण एर्दोगानांच्या आधीचं आहे, खूप आधीचं, आणि गंमत म्हणजे भांडत असतानाही त्याच घरात राहायची सवयसुद्धा तितकीच जुनी आहे.

मी इस्तंबूलला गेले होते तेव्हा मुद्दाम एक इमारत बघायला गेले. जालोलू म्हणून भाग आहे, जुन्या शहरातच, तिथे चढावर एक भलीमोठी दगडी वास्तू उभी आहे, उंच कमान, रुंद छपराची पाखं बाहेर आलेली, खाली समुद्र दिसतो. आज तिथे शाळा आहे म्हणून मी फाटकाबाहेरूनच बघत उभी राहिले. पण १८९७ मधे ती बांधली ती शाळेसाठी नव्हे. तिथे होतं दुयून-उ उमूमिये, म्हणजे साध्या भाषेत तुर्कस्तानच्या आधीच्या ऑटोमन साम्राज्यातल्या सुलतानाकडून कर्जवसुली करायचं ऑफिस.

ते कसं झालं बघा. क्रिमियाचं युद्ध चालू होतं, ब्रिटन आणि फ्रान्स सुलतानाच्या बाजूने रशियाशी लढत होते, आणि त्याच धामधुमीत १८५४ मधे ऑटोमन सरकारने पहिल्यांदा परदेशातून कर्ज उचललं. १८५६ च्या पॅरिस तहात तर तुम्ही आता युरोपच्या पंगतीतले असं मान्यही केलं गेलं. म्हणजे दोस्ती आणि कर्ज एकाच दाराने आत आले. वीसेक वर्षांत व्याज भरता येईना, १८७५ ला सरकारने हात वर केले, आणि १८८१ ला सावकारांनी थेट राजधानीत आपलं ऑफिस थाटलं. मंडळावर ब्रिटिश, फ्रेंच, जर्मन, इटालियन, ऑस्ट्रियन सगळे. मीठ, तंबाखू, दारू, मासेमारी, स्टँप, रेशीम यांचं उत्पन्न सरकारी खजिन्यात न जाता थेट या ऑफिसात यायचं, पाच हजारांहून जास्त माणसं त्या कामाला होती. तंबाखूचा मक्ता १८८३ पासून परदेशी भांडवलाच्या एका कंपनीकडे गेला, तिला रेजी म्हणायचे. शेतकऱ्याने स्वतःच्याच शेतातला तंबाखू लपवून विकला की कंपनीचे बंदूकधारी पहारेकरी मागे लागायचे, त्या चकमकीत हजारो माणसं मेली. हा तंबाखूचा भाग वाचला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तुर्की माणूस 'सार्वभौमत्व' हा शब्द एवढ्या कडवटपणे का उच्चारतो. आपल्याला तो शब्द पुस्तकी वाटतो, त्यांच्या पणजोबांना तो शेताच्या बांधावर भेटला होता.

त्या कर्जाचा उरलेला भाग नव्या तुर्कस्तानने डोक्यावर घेतला आणि शेवटचा हप्ता भरला १९५४ मधे. पहिलं कर्ज १८५४, शेवटचा हप्ता १९५४. नाटोत जाऊन दोन वर्षं झाली होती तरी सुलतानाचं कर्ज फिटायचंच होतं!

यावर सेव्रचा तह आला. १० ऑगस्ट १९२०. पहिल्या महायुद्धात हरलेल्या ऑटोमन सरकारने पॅरिसजवळ सही केली, त्यात इझमिर आणि आसपासचा मुलूख ग्रीसच्या ताब्यात, सामुद्रधुनी (बॉस्फोरस आणि दार्दानेल्स) आंतरराष्ट्रीय कमिशनकडे, पूर्वेला आर्मेनिया, कुर्दांना स्वायत्तता, दक्षिणेत फ्रान्स आणि इटलीची वर्चस्वाची क्षेत्रं. तो तह कधी अमलात आला नाही कारण केमाल पाशांनी (म्हणजेच अतातुर्कांनी) अंकाऱ्यातून लढाई उभी केली आणि तीन वर्षांत सगळा डाव पालटला. पण तो नकाशा तुर्की मुलांना शाळेत आजही दाखवला जातो, आणि एकदा बघितलेला नकाशा डोळ्यांसमोरून जात नाही. पश्चिमेकडून काहीही मागणी आली, अगदी साध्या मानवाधिकारांबद्दल प्रश्न आला तरी, हे परत आपले तुकडे करायला निघाले असं तिथे पटकन वाटतं. याला सेव्र सिंड्रोम म्हणतात. माझं स्पष्ट मत सांगते, ही भीती खोटी नाही पण तिचा वापर खूपदा खोटा झालाय. १९१५ मधे आर्मेनियन लोकांच्या कत्तली कशा झाल्या, कुर्दांना स्वतःची भाषा बोलायला इतकी वर्षं बंदी का होती, हे प्रश्न आले की सेव्र पुढे करायचं हे तिथल्या सगळ्या सरकारांनी केलंय, सेक्युलर असोत की धार्मिक.

सेव्रच्या जागी नवा तह करायला लोझानला वाटाघाटी झाल्या, त्यात तुर्कांकडून इस्मत पाशा (पुढे इनोनू) समोर बसले ते ब्रिटनच्या लॉर्ड कर्झनच्या. इस्मत पाशांना ऐकायला कमी यायचं आणि नको असलेलं वाक्य आलं की अजूनच कमी यायचं असं सांगतात, कर्झन तासभर बोलला की हे शांतपणे परत सार्वभौमत्वावर येणार. फेब्रुवारी १९२३ मधे बोलणी फिसकटली, परत सुरू झाली, आणि २४ जुलैला तह झाला. परदेशी लोकांना तुर्की कायद्यातून सूट देणाऱ्या जुन्या सवलती कायमच्या गेल्या. मोसुलचा प्रांत मात्र मिळाला नाही, तो १९२६ मधे ब्रिटनच्या हाताखालच्या इराकला गेला आणि तुर्कांनी तो घोट गिळला. मला इथे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की ज्यांच्याशी लढले त्यांच्याकडूनच त्यांनी कायदा उचलला, १९२६ ला स्विस नागरी कायदा, १९२८ ला लॅटिन लिपी. पश्चिमेसारखं व्हायचं ते पश्चिमेच्या हाताखाली जायला लागू नये म्हणून. हे एकदा लक्षात घेतलं की पुढची शंभर वर्षं बरीच सरळ वाचता येतात.

दुसऱ्या महायुद्धात तेच. ऑक्टोबर १९३९ मधे ब्रिटन-फ्रान्सशी मदतीचा करार, जून १९४१ मधे जर्मनीशी अनाक्रमणाचा करार, हिटलर रशियात घुसायच्या चार दिवस आधी. शस्त्रांच्या पोलादाला लागणारं क्रोमियम दोन्ही बाजूंना विकलं. जानेवारी १९४३ मधे चर्चिल स्वतः अदानाजवळ येऊन रेल्वेच्या डब्यात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष इनोनू यांना भेटले, युद्धात उतरा म्हणून, इनोनूंनी मान डोलावली, शस्त्रांची लांबलचक यादी पुढे केली आणि उतरले नाहीत. जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं ते २३ फेब्रुवारी १९४५ ला, जेव्हा लढायला काही उरलं नव्हतं पण संयुक्त राष्ट्रांच्या स्थापनेत बसायला मिळणार होतं. कोणी याला संधीसाधूपणा म्हणेल. मी म्हणणार नाही, कारण आधीच्या युद्धात त्या देशातली एक अख्खी पिढी गेली होती आणि इनोनू त्या युद्धात स्वतः होते.

मग स्टालिनने सामुद्रधुनीत तळ मागितला, सरहद्दीवरचे कार्स आणि अर्दाहान हे मुलूख मागितले, आणि तेव्हा मात्र तुर्कस्तान धावत पश्चिमेकडे गेला. एप्रिल १९४६ मधे अमेरिकेची मिसुरी ही युद्धनौका इस्तंबूलला आली, निमित्त होतं वॉशिंग्टनमधे वारलेल्या तुर्की राजदूताचं पार्थिव आणायचं, पण तोफा कोणाला दाखवायला आणल्या होत्या ते सगळ्यांना कळत होतं. १९४७ ला ट्रुमन डॉक्ट्रिन, म्हणजे रशियाच्या दबावाविरुद्ध अमेरिकेच्या मदतीचं वचन, १९५० ला तुर्की ब्रिगेड कोरियाच्या युद्धात, कुनू-रीच्या लढाईत शेकडो तुर्की सैनिक मेले, आणि १८ फेब्रुवारी १९५२ ला नाटोचं सदस्यत्व. कोरियातल्या रक्ताने नाटोचं दार उघडलं असं तुर्की लोक मानतात आणि त्यात खूप तथ्य आहे.

इथून पुढे बारा वर्षं जी होती तो खरा मधुचंद्र, आणि बाकीचा सगळा इतिहास लोक याच बारा वर्षांशी ताडून बघतात हीच गडबड आहे. जणू १९५२ ते १९६४ हाच खरा तुर्कस्तान आणि बाकी सगळं बिघडलेलं. त्यातही १९६२ ला क्यूबातल्या रशियन क्षेपणास्त्रांवरून झालेला पेच सुटला तो तुर्कस्तानात ठेवलेली अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रं काढून घ्यायच्या गुप्त कबुलीवर, आणि अंकाऱ्याला कोणी विचारलं नव्हतं.

मग आलं जॉन्सनचं पत्र. ५ जून १९६४. सायप्रस या ग्रीक आणि तुर्की वस्तीच्या बेटावर तुर्की लोकांवर हल्ले होत होते, इनोनू (तेव्हा परत पंतप्रधान, ऐंशीला टेकलेले) तिथे फौज उतरवायच्या तयारीत होते, आणि राष्ट्राध्यक्ष जॉन्सनचं पत्र आलं. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, अमेरिकेने दिलेली शस्त्रं तुम्ही यासाठी वापरू शकत नाही. दोन, तुमच्या या पावलामुळे रशिया तुमच्यावर चालून आला तर नाटोने तुम्हाला वाचवायचं की नाही याचा आम्ही विचार केलेला नाही. दुसरं वाक्य परत वाचा. ज्या एका भीतीपोटी नाटोत गेलो त्याच भीतीवर मित्राने बोट ठेवलं. जानेवारी १९६६ मधे हुर्रियेत पेपरने ते पत्र छापलं आणि देशभर आग लागली. आम्ही राहिलो त्या छोट्या हॉटेलात रिसेप्शनवर एक सत्तरीपुढचे काका बसायचे, मोडकं इंग्लिश बोलायचे. मी सायप्रसचा विषय काढला तर त्यांनी एकदम 'जॉन्सन मेक्तुबू' असं म्हटलं, मेक्तुप म्हणजे पत्र, आणि हातानेच कागद टेबलावर आपटल्यासारखं केलं. पत्र आलं तेव्हा ते शाळेत असतील. एवढ्या वर्षांनी तो हात तसाच आपटला गेला.

आणि आता बघा पत्रानंतर काय झालं, कारण २०१९ शी त्याचं फार साम्य आहे. तुर्कस्तान मॉस्कोकडे गेला. डिसेंबर १९६६ मधे सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन अंकाऱ्याला आले, १९६७ ला करार झाला, इस्केंदेरूनचा पोलाद कारखाना, अलीआची रिफायनरी, सेयदीशेहिरचा ॲल्युमिनियमचा कारखाना, हे सगळं सोव्हिएत मदतीने उभं राहिलं. नाटो सोडली का? नाही. तेव्हा सत्तेत कोण होतं तर उजव्या पक्षाचे देमिरेल, अमेरिकेचे आवडते. म्हणजे पश्चिमेने अंगठा दाबला की उत्तरेकडे दोन पावलं टाकायची आणि खुर्ची मात्र सोडायची नाही, हे एर्दोगानांनी शोधलेलं नाही.

अफूचंही सांगते कारण ते कोणी सांगत नाही. अफ्योन नावाचं शहरच आहे तिथे, नावातच अफू. अमेरिकेत हेरॉइनचा सुळसुळाट झाला तेव्हा निक्सन सरकारने दबाव आणला आणि १९७१ मधे, सैन्याच्या धाकाखाली आलेल्या सरकारने खसखशीची शेती बंद करायचं जाहीर केलं. भरपाई म्हणून अमेरिकेने साडेतीन कोटी डॉलर देऊ केले. पण खसखस म्हणजे फक्त अफू नाही ना, बियांचं तेल निघतं, पेंड गुरांना जाते, देठ सरपणाला, बी भाकरीत आणि मिठाईत जातं, गावातल्या बाईचा अख्खा स्वयंपाक त्यावर चालायचा. १ जुलै १९७४ ला पंतप्रधान एजेवितनी बंदी उठवली, आणि तेही आडमुठेपणाने नाही, बोंडाला चीर न पाडता अख्खं वाळवून सरकारने विकत घ्यायची पद्धत आणली म्हणजे शेतात अफूचा चीक निघायलाच नको. आजही तुर्कस्तान औषधांसाठी कायदेशीर मालाचा मोठा उत्पादक आहे. मला वाटतं पश्चिमेला नाही म्हणायची ही त्यांची सगळ्यात चांगली रीत होती, स्वतःचं ऐकवलं पण समोरच्याची खरी अडचणही सोडवली.

त्यानंतर तीनच आठवड्यांत, २० जुलैला, फौज सायप्रसमधे उतरली. अमेरिकन काँग्रेसने फेब्रुवारी १९७५ पासून शस्त्रबंदी घातली, तुर्कस्तानने त्यांचे तळ बंद केले, १९७८ ला बंदी उठली. पण त्या तीन वर्षांत एक गोष्ट झाली जी आज सगळ्यांना दिसतेय, सुटे भाग मिळेनात म्हणून १९७५ ला सैन्यासाठी रेडिओ बनवायला आसेलसान ही कंपनी काढली. युक्रेन युद्धात बायरक्तार ड्रोनचं नाव जगभर झालं, ती कंपनी वेगळी आणि खाजगी आहे, पण 'दुसऱ्याच्या परवानगीवर चालणारं शस्त्र आपलं नव्हे' हा धडा त्या तीन वर्षांचाच.

युरोपचं थोडक्यात सांगते, कारण त्यात घडलंय कमी आणि ताटकळणं जास्त. १९६३ ला करार, १९८७ ला सदस्यत्वाचा अर्ज, १९९६ पासून कस्टम्स युनियन (जकातीचं एकच क्षेत्र), ऑक्टोबर २००५ मधे युरोपीय संघाच्या सदस्यत्वाची बोलणी. त्या बोलण्यांच्या पस्तीस प्रकरणांपैकी सोळा उघडली, एकच पूर्ण झालं. २००५ साली मला मनापासून वाटलं होतं की हे होणार. एप्रिल २००४ मधे, १९७४ पासून दुभंगलेल्या सायप्रसच्या एकीकरणाच्या योजनेला तुर्की बाजूने ६५ टक्के हो म्हटलं, ग्रीक बाजूने ७६ टक्के नाही म्हटलं, आणि आठवड्याभरात नाही म्हणणारे युरोपीय संघात आले. मग फ्रान्स-जर्मनीतून सदस्यत्व नको, विशेष भागीदारी घ्या, हे सुरू झालं. एर्दोगानांनी नंतर न्यायालयं आणि पेपर दाबले तो दोष त्यांचाच आहे, पण २००५ ते २०१० मधे दार बंद केलं ते युरोपने, आणि तिथल्या सुधारणावाद्यांच्या पायाखालची जमीन काढून घेतली. याचा मला आजही राग येतो.

आता १ मार्च २००३. हा दिवस मी विसरू शकत नाही. अमेरिकेला उत्तरेकडून इराकमधे घुसायचं होतं, बासष्ट हजार सैनिक तुर्की भूमीवर उतरवायची परवानगी हवी होती, बदल्यात अब्जावधी डॉलरचं पॅकेज होतं, आणि देश तेव्हा २००१ च्या आर्थिक संकटातून नुकता उठत होता. सामान भरलेली अमेरिकन जहाजं भूमध्य समुद्रात थांबून राहिली होती. पंतप्रधान अब्दुल्ला गुल, पक्षाचे प्रमुख एर्दोगान (तोवर ते खासदारही नव्हते), दोघांना ठराव मंजूर व्हावा असंच वाटत होतं. अंकाऱ्यात रस्त्यावर हजारो लोक विरोधात. मतदान झालं, बाजूने २६४, विरोधात २५०, तटस्थ १९. पहिल्यांदा वाटलं पास झाला. मग कोणीतरी नियम काढला की हजर असलेल्यांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात, हजर ५३३, म्हणजे हवी होती २६७. तीन मतं कमी. ठराव पडला. जहाजं सुवेझमधून वळसा घालून कुवेतला गेली.

सत्ताधारी पक्षाला दोन तृतीयांशाच्या जवळ बहुमत असताना त्याच पक्षाच्या खासदारांनी स्वतःच्या नेत्याचं आणि अमेरिकेचं दोघांचं ऐकलं नाही. वॉशिंग्टनमधे तेव्हा चिडचिड झाली आणि सैन्याने सरकारवर पुरेसा दबाव का आणला नाही असं तिथले बडे अधिकारी उघड बोलले. लोकशाहीचे धडे देणाऱ्यांनी असं बोलावं हे मला तेव्हाही लागलं, आजही लागतं.

याउलट २०१९. १२ जुलैला रशियन विमानांनी एस-४०० या विमानविरोधी क्षेपणास्त्रांचे पहिले भाग आणले ते अंकाऱ्याजवळच्या मुर्तेद तळावर. या तळाचं आधीचं नाव अकिंजी. तीन वर्षांपूर्वी, १५ जुलै २०१६ च्या रात्री, एर्दोगानांविरुद्ध फसलेल्या लष्करी बंडात बंडखोरांनी हाच तळ मुख्यालय केला होता, इथूनच उडालेल्या एफ-१६ विमानांनी त्यांच्याच संसदेवर बॉम्ब टाकले होते. क्षेपणास्त्रं ठेवायला तोच तळ निवडणं यात एर्दोगानांना काय म्हणायचं होतं ते ज्याला कळायचं त्याला कळलं. बंडाच्या रात्री मित्रदेश सावरून सावरून बोलत होते आणि पुतिनचा फोन लगेच आला हे तिथे कोणी विसरलेलं नाही, एर्दोगानांचे विरोधकसुद्धा. पण किंमत भारी पडली, अमेरिकेने एफ-३५ या लढाऊ विमानाच्या कार्यक्रमातून बाहेर काढलं, ज्या विमानाचे भाग तुर्की कारखाने बनवत होते ते विमानच मिळेना, डिसेंबर २०२० मधे अमेरिकेचे निर्बंध. १९६७ च्या सौद्यात हाती कारखाने आले होते. या सौद्यात एक अशी यंत्रणा आली जी नाटोच्या यंत्रणेला जोडताच येत नाही. म्हणजे चाल जुनीच होती पण खेळणाऱ्याचा हात तितका सरावलेला नव्हता असं माझं मत आहे.

आणि तरीही फेब्रुवारी २०२२ मधे रशिया युक्रेनमधे घुसला तेव्हा अंकाऱ्याने सामुद्रधुनीतून कोणाची जहाजं जाणार हे ठरवणारा १९३६ चा मॉन्त्रो करार काढला, याला युद्ध म्हटलं, आणि ती लढणाऱ्यांच्या युद्धनौकांना बंद केली, तळावर परतणाऱ्या सोडून. बाकीच्या देशांनाही सांगितलं की तुम्हीही पाठवू नका. रशियावर निर्बंध घातले नाहीत, युक्रेनला ड्रोन दिले, जुलैमधे इस्तंबूलला धान्याचा करार घडवला. हे बघून १९४३ चे इनोनू आठवले नाहीत तर नवल.

मग बदललं काय? मला विचाराल तर धोरणापेक्षा ते ठरतं ती खोली बदलली. पूर्वी परराष्ट्र खात्यातले करिअरचे लोक, सैन्याचे जनरल, संसद, अशा तीन जागी ते घासून निघायचं, आणि त्यातले जनरल काही लोकशाहीवादी नव्हते, हेही सांगितलंच पाहिजे, त्यांनी निवडून आलेली सरकारं उलथवली. राष्ट्राध्यक्षांच्या हाती सत्ता देणाऱ्या २०१७ च्या सार्वमतानंतर ते सगळं त्यांच्या एका राजवाड्यात गेलं. स्वीडनचंच बघा. मे २०२२ मधे नाटोत यायला स्वीडनचा अर्ज, मग वीस महिने ताटकळत ठेवणं, जुलै २०२३ मधे आधी आमचं युरोपीय संघाचं दार उघडा मग स्वीडनचं बघू असं जाहीर बोलणं, आणि २३ जानेवारी २०२४ ला संसदेत २८७ विरुद्ध ५५. तीन दिवसांत अमेरिकन परराष्ट्र खात्याने २३ अब्ज डॉलरच्या एफ-१६ सौद्याला हिरवा कंदील दाखवला. सौदा म्हणून चोख. पण २००३ ला त्या सभागृहात निकाल काय लागेल ते कोणाला माहीत नव्हतं, २०२४ ला सगळ्यांना आधीच माहीत होतं.

त्या जालोलूच्या इमारतीबद्दल एक सांगायचं राहिलं. १९३३ पासून तिथे जी शाळा आहे, इस्तंबूल लिसेसी, ती देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या सरकारी शाळांपैकी एक, प्रवेशाला मरणाची स्पर्धा. तिथे जर्मन माध्यमात शिकवतात, जर्मनीहून आलेले शिक्षक आहेत, आणि मुलं बारावीला जर्मनीची आबितूर परीक्षा देतात. मी फाटकाशी उभी असताना शाळा सुटली, पोरं घोळक्याने बाहेर पडली, दोन मुली माझ्या अगदी जवळून गेल्या, बोलणं तुर्कीत चाललं होतं आणि मधेमधे जर्मन शब्द येत होते, एकीच्या हातात गणिताचं जर्मन पुस्तक होतं आणि त्याला घरून कागदाचं कव्हर घातलेलं होतं.